ग्रिझलीचं दार

जुलै महिना, दुपारचे पावणेतीन. दुबईजवळच्या उम्म अल कुवैनचा इंडस्ट्रियल एरिया, सीट कव्हर शिवणाऱ्या एका दुकानासमोरचं मोकळं पार्किंग. नवी कोरी ग्रिझली उभी आहे, आत प्रसाद दळवीची आई आहे, आणि दार उघडत नाही. आतूनही नाही, बाहेरूनही नाही.

दळवी वहिनी वाचल्या, हे आधीच सांगून टाकतो. उगाच कुणाचा जीव टांगणीला नको. पण ते दार का उघडलं नाही आणि पुढच्या माणसाच्या वेळी उघडेल का, हे मी तेव्हापासून विचारतोय. उत्तर मिळत नाही. त्याऐवजी किस्से मिळतात! कंपनीला एक सरळ प्रश्न विचारा, एक किस्सा घेऊन घरी या. दुबईत गाड्यांची बातमीदारी करताना माझे केस पांढरे झाले, पण एका गाडीने एका वर्षात एवढे किस्से मला कधी दिले नव्हते. करामा भागातल्या आमच्या कॅफेटेरियात शनिवारी सकाळी करक, म्हणजे इथल्या कडक दुधाच्या चहावर आम्ही ते एकमेकांना सांगतो. आम्ही म्हणजे मी, आमच्या पेपरचा फोटोग्राफर रोझारियो आणि प्रसाद. रोझारियो वसईचा. प्रसाद इथेच करामात वाढलेला, इन्शुरन्स कंपनीत नोकरीला, आणि शाळेच्या वहीत मागच्या पानावर ग्रिझलीची चित्रं काढण्यात ज्याचं बालपण गेलं असा.

ज्यांना ग्रिझली माहीत नाही त्यांच्यासाठी: जुनी अमेरिकन मसल कार. लांबलचक बॉनेट, दोनच दारं, आठ सिलिंडर, आणि पेट्रोल पिण्याची अशी हौस की पंपवाला मालकाला नावाने ओळखतो. तिला कंपनीने गेल्या वर्षी ‘अपडेट’ केलं. सगळं तिथून सुरू झालं.

*

लाँचला अमेरिकेहून खास डिझाइनचे प्रमुख आले होते. काळा टी-शर्ट, पांढरे बूट, चष्म्याची फ्रेम गाडीहून महाग वाटावी अशी. तासभर ते बोलले. हेडलाइट बारीक का केले, पुढची जाळी बंद का केली, दाराचे हँडल दारातच का लपवले. प्रत्येक गोष्टीला एकच उत्तर: ‘क्लीन लुक.’ शेवटी म्हणाले, ‘‘बाकी सगळं बदललं, पण डीएनए तोच आहे.’’

पहिल्या रांगेत एक वयस्कर इमाराती गृहस्थ बसले होते. त्यांच्याकडे जुनी ग्रिझली आहे आणि ते ती मुलापेक्षा जास्त जपतात, असं त्यांचा मुलगाच सांगतो. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, बारीक केलेल्या हेडलाइटकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, ‘‘हबीबी, माझा मुलगा मी चेहऱ्यावरून ओळखतो. त्यासाठी मला डीएनए टेस्ट करावी लागत नाही.’’

आणि निघून गेले. भेटीचा खजुराचा डबासुद्धा न घेता!

*

त्याच लाँचचा दुसरा किस्सा इंजिनाचा. आठ सिलिंडर जाऊन चार आले होते, वर टर्बो. गडगडाट गेला. म्हणून कंपनीने गडगडाट रेकॉर्ड करून स्पीकरमध्ये घातला. एवढं सगळ्यांना माहीत होतं. तरी कंपनीचं म्हणणं असं की स्पीकर फक्त ‘मदत’ करतात, मूळ आवाज इंजिनाचाच.

मग एक कार्यक्रम ठरला. सगळ्या पत्रकारांनी डोळे मिटायचे आणि आवाज ऐकायचा! स्टेजवर गाडी, आत एक मुलगा, आणि सुरू झाला घूऽऽम घूऽऽम. आमच्यातला एक ज्येष्ठ समीक्षक, ज्याच्या वेबसाइटवर त्याचा फोटो गाड्यांपेक्षा मोठा असतो, तो डोळे मिटूनच बोलू लागला. ‘‘आहाहा. हा स्पीकर नाही. हे पोटातून येतंय. मेटल ऐकू येतंय मला. मेटल!’’

रोझारियो डोळे मिटत नाही. फोटोग्राफरने डोळे मिटले तर खाईल काय? टाळ्या चालू असतानाच तो स्टेजच्या कडेने गेला आणि इंजिनाचा फोटो काढायला त्याने बॉनेट उचललं.

आत इंजिन नव्हतं.

लाँचसाठी आणलेला तो नुसता सांगाडा होता. ट्रेलरवरून आलेला. आत एक बॅटरी, चार वायरी, आणि कुणाची तरी विसरलेली पाण्याची बाटली.

रोझारियो माझ्या कानात म्हणाला, ‘‘बॉस, मेटल म्हणजे ही बाटलीच असेल. झाकण पत्र्याचं आहे!’’

समीक्षकाचा लेख दुसऱ्या दिवशी आला. मथळ्यात ‘पोटातला गडगडाट’ होता. आजही आहे, जाऊन वाचा.

*

इथल्या लाँचची एक रीत तुम्हाला सांगायला हवी. प्रश्न आधी लिहून पाठवायचे असतात. मग सूत्रसंचालिका ते तुमच्या नावासकट वाचून दाखवते आणि तुम्ही खुर्चीतून मान डोलवायची. याला ते ‘ओपन इंटरॅक्शन’ म्हणतात.

हँडल दारात लपलेलं, कुलूप विजेवर, आतही दांडा नाही, नुसतं बटण. मी साधा प्रश्न पाठवला: ‘बॅटरी संपली तर दार कसं उघडायचं?’ यात काय अवघड आहे? शाळेतल्या पोरालाही सुचेल.

माझं नाव पुकारलं गेलं. मी सरसावून बसलो. आणि बाई वाचू लागल्या: ‘‘या नव्या दारामागची प्रेरणा काय?’’

मी उभा राहिलो. ‘‘हा माझा प्रश्न नाही!’’

‘‘थँक यू सर, लव्हली क्वेश्चन,’’ बाई म्हणाल्या आणि माइक डिझाइन प्रमुखांकडे गेला. त्यांनी प्रेरणा सांगितली. समुद्रात घासून गुळगुळीत झालेला दगड.

प्रश्न बदलला कुणी, ते विचारायला मी सानिकाला गाठलं. सानिका म्हणजे वितरकांची पीआर मॅनेजर. आईवडील साताऱ्याचे, पोरगी शारजात वाढलेली. मी मराठीत विचारायचं, तिने इंग्रजीत उत्तर द्यायचं, असं आमचं वर्षानुवर्षं चालू आहे.

‘‘सानिका, माझा प्रश्न कुठे गेला?’’

‘‘अंकल, वी जस्ट मेड इट मोअर पॉझिटिव्ह.’’

*

पत्रकारांची टेस्ट ड्राइव्ह जेबेल जैसच्या घाटात झाली. हँडब्रेकचा एक छान जाडजूड दांडा सीटच्या शेजारी होता. जुन्या ग्रिझलीची आठवण म्हणून मुद्दाम ठेवलेला. ओढायला मजा येत होती. फक्त तो कशालाच जोडलेला नव्हता! खाली एक स्विच, स्विचमागे कॉम्प्युटर. दांडा ओढला की स्क्रीनवर अक्षरं यायची: ‘आर यू शुअर?’ आणि खाली दोन बटणं.

रोझारियोने घाटात गाडी थांबवून दांडा ओढला, स्क्रीन वाचली आणि हात जोडले. ‘‘माझ्या लग्नात फादरनेसुद्धा मला एवढं विचारलं नव्हतं!’’

दाराचा आतला दांडा मात्र त्यांनी शोभेपुरताही ठेवला नव्हता. आठवणी कुठे जपायच्या, हेही डिझाइनवाल्यांनीच ठरवायचं.

*

प्रसादने गाडी बुक केलीच. मी नको म्हटलं, रोझारियो नको म्हणाला. पण वहीच्या मागच्या पानाचं वेड ते. ‘‘काका, चारच सिलिंडर असू दे. ग्रिझली इज ग्रिझली.’’

डिलिव्हरीच्या दिवशी शोरूममध्ये फुगे, लाल रिबन, केक. दळवी वहिनी मात्र घरून पूजेचं ताट घेऊन आलेल्या. वहिनी इथल्या शाळेत मराठी आणि हिंदी शिकवून निवृत्त झाल्या. अर्धं करामा त्यांच्या हातची छडी खाऊन मोठं झालंय. त्यांनी बॉनेटवर स्वस्तिक काढलं, चाकांखाली लिंबं ठेवली आणि ओवाळायला गाडीच्या समोर उभ्या राहिल्या. ओवाळून झालं. प्रसादने लिंबं चिरडायला गाडी पुढे घेतली. म्हणजे घ्यायला गेला. गाडी हलेना.

हा नवा ‘सेफ्टी अपडेट’ होता. समोर काही दिसलं की गाडी स्वतःच ब्रेक लावते. वहिनी बाजूला झाल्या, तर त्यांच्यामागे उभा असलेला शोरूमचा माणूस दिसला. तो सरकला, तर फुगे दिसले. वहिनी पुन्हा पुढे आल्या. सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं गाडी बोलली: ‘‘ऑब्स्टॅकल डिटेक्टेड. प्लीज रिमूव्ह ऑब्स्टॅकल.’’

वहिनींनी ताट खाली ठेवलं, चष्मा सारखा केला आणि गाडीकडे वर्गातल्या शेवटच्या बाकाकडे पाहावं तसं पाहिलं.

‘‘मी अडथळा? मी?’’

प्रसादने ती सिस्टिम बंद करायला स्क्रीनवर इतके मेनू उघडले की निरांजन विझलं. शेवटी लिंबं हातानेच चिरडली.

*

आता ती दुपार.

प्रसादला लेदरची सीट कव्हर हवी होती, आणि ती शिवणारा कारागीर उम्म अल कुवैनला. सुट्टीचा दिवस, म्हणून वहिनींनाही घेतलं, नंतर समुद्रावर जाऊ म्हणाला. रोझारियो सोबत होता, वाटेत गाडीचे फोटो काढायला. उन्हात उतरायचं नको म्हणून वहिनी गाडीतच बसल्या. गाडी चालू, एसी चालू.

हे दोघे दुकानात गेले. इथे आणखी एक अपडेट: उभी असलेली गाडी पेट्रोल वाचवायला स्वतःच इंजिन बंद करते आणि गरज पडली की स्वतःच सुरू करते. तिने बंद केलं. त्या उन्हात बॅटरी मेली आणि इंजिन परत सुरू झालं नाही. स्क्रीन गेली, एसी गेला, काच खाली होईना, दाराचं बटण दाबून काही होईना.

वहिनी ओरडत होत्या. बाहेर ऐकू आलं नाही. कारण काचा दुहेरी होत्या, ‘लायब्ररीसारखी शांतता’ देणाऱ्या. माहितीपत्रकात त्यांच्यावर अख्खं पान होतं.

रोझारियो कव्हरचे रंग उन्हात बघायला बाहेर आला तेव्हा त्याला काचेवर आपटणारे दोन तळवे दिसले. तो पळाला. बाहेरचं हँडल दारातून बाहेरच येईना. प्रसाद ‘‘आई! आई!’’ करत दुसऱ्या दाराशी. रोझारियोने कॅमेऱ्याचा लोखंडी स्टँड उचलला आणि बाजूच्या काचेवर घातला. दुहेरी काच! तड्यांचं जाळं पडलं, फुटली नाही. पुन्हा घातला. पुन्हा जाळं. मग तो मागे धावला आणि मागची मोठी काच फोडली. प्रसाद त्या काचेच्या चुऱ्यातून आत शिरला आणि आईला मागच्या सीटवरून ओढून बाहेर काढलं.

दुकानाच्या सावलीत वहिनींना पाणी दिलं. त्यांचा चेहरा शेंदरासारखा लाल झालेला. पहिला घोट घेऊन त्या म्हणाल्या, ‘‘रोझारियो, तुझ्या हाताला लागलंय बघ. आधी धुऊन घे.’’

आणि मग बेशुद्ध पडल्या.

दोन रात्री हॉस्पिटलात काढल्या त्यांनी. मी भेटायला गेलो तेव्हा म्हणाल्या, ‘‘भाऊजी, मी मेले नाही, ते ठीक. पण ती गाडी दुसऱ्यांकडेही आहे ना? कुणाची लहान पोरं असतील. तुम्ही पेपरवाले. विचारा ना त्यांना.’’

विचारतोय, वहिनी.

*

पहिल्यांदा विचारलं सर्व्हिस सेंटरला. प्रसाद आणि मी दोघे गेलो. काउंटरवरचा मॅनेजर अतिशय गोड.

‘‘सर, दार उघडायची इमर्जन्सी सोय गाडीत आहे. मॅन्युअलमध्ये क्लिअरली लिहिलंय.’’

‘‘मॅन्युअल दिलंच नाही तुम्ही,’’ प्रसाद म्हणाला.

‘‘मॅन्युअल आता कागदाचं नसतं, सर. तुमच्या गाडीच्या स्क्रीनवर आहे.’’

‘‘स्क्रीन बंद होती!’’

‘‘बॅटरी नसेल तर स्क्रीन बंदच राहणार, सर,’’ मॅनेजर समजुतीने म्हणाला.

आम्ही त्याच्याच कॉम्प्युटरवर मॅन्युअल उघडायला लावलं. लिहिलं होतं: हात टेकायच्या पट्टीखाली लाल दांडा आहे, तो ओढा. आम्ही तिघे गाडीपाशी गेलो. हात टेकायच्या पट्टीखाली लाल दांडा नव्हता. तिथे पेला गार ठेवायचा छोटा फ्रिज होता! ‘गल्फ पॅक.’ खास आपल्या भागासाठी केलेलं अपडेट. अमेरिकेच्या गाडीत दांडा, आमच्या गाडीत लबान, म्हणजे ताक, गार!

मॅनेजरने फ्रिजमध्ये हात घालून बघितलं. फ्रिजही बंद पडलेला होता. मग त्याने हात पुसला, फाइल उघडली आणि काचेचा क्लेम नाकारला. कारण लिहिलं: ‘काच बाहेरच्या व्यक्तीने फोडली.’

बाहेरच्या व्यक्तीच्या हाताला सहा टाके होते.

*

दुसऱ्यांदा विचारलं माझ्या पेपरात. म्हणजे विचारणार होतो. बातमी लिहून दिली. संपादक तरुण आहे, मॅनेजमेंट शिकून आलाय. त्याने वाचली, खुर्ची मागे ढकलली आणि म्हणाला, ‘‘स्ट्राँग आहे. फक्त एक बदल. ‘दार’ नको. ‘एंट्री एक्स्पीरियन्स’ म्हण.’’

‘‘माणूस आत अडकला होता! एंट्री झाली होती, एक्झिट होत नव्हती!’’

‘‘मग ‘एक्झिट एक्स्पीरियन्स’ म्हण. यल्ला, चल, फाइल कर.’’

मी ‘दार’च ठेवलं. बातमी आली. पाचव्या पानावर, अर्धा कॉलम. त्याच्या शेजारचं पूर्ण पान ग्रिझलीच्या जाहिरातीचं होतं. दार उघडं असलेला फोटो. मागे समुद्र.

*

पण अर्धा कॉलमही कुठेतरी लागला असावा. आणखी दोघा ग्रिझलीवाल्यांचे मला फोन आले, दोघांचं दार कधी ना कधी अडकलेलं. आणि मग सानिकाचा मेसेज आला: ‘अंकल, वी आर डूइंग अ लाइव्ह डेमो. प्लीज कम. बॅटरी डिस्कनेक्टेड अँड ऑल.’

आम्ही गेलो. मी, रोझारियो, प्रसाद. सर्व्हिस सेंटरच्या आवारात मंडप, पंखे, गार पाण्याच्या बाटल्या. तोच ज्येष्ठ समीक्षक, पहिल्या रांगेत. मधोमध लाल ग्रिझली. डिझाइन प्रमुख आले नव्हते. कंपनीचा एक अमेरिकन इंजिनिअर आला होता, माणूस साधा वाटला.

त्याने सगळ्यांसमोर बॅटरीची वायर काढली. गाडीत बसला. दार लावलं. आतून त्याने काहीतरी ओढलं आणि दार खटकन उघडलं! टाळ्या. समीक्षक तर उभाच राहिला.

रोझारियो कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर नुकताच काढलेला फोटो मोठा करून बघत होता. त्याने तो माझ्यापुढे धरला. इंजिनिअरच्या हाताखाली लाल दांडा स्पष्ट दिसत होता.

मी उभा राहिलो. प्रश्न लिहून दिलेला नव्हता, तरी विचारला. ‘‘ही गाडी इथे विकलेल्यांपैकी आहे का?’’

इंजिनिअरने सानिकाकडे पाहिलं. सानिकाने सर्व्हिस मॅनेजरकडे. मॅनेजरने पंख्याकडे.

‘‘इट्स अ डेमो व्हेइकल,’’ सानिका म्हणाली.

‘‘अमेरिकेतून आणलेलं?’’

‘‘अंकल, द प्रिन्सिपल इज द सेम.’’

तेवढ्यात प्रसाद उठला. मंडपाच्या मागे, शेडमध्ये त्याची स्वतःची गाडी उभी होती, मागच्या काचेला प्लास्टिक लावलेली. तो तिथे गेला. प्लास्टिक आतून चिकटपट्टीने घट्ट केलेलं त्याने दाखवलं, बॅटरी आधीच काढलेली आहे हे दाखवलं, आणि चालकाच्या बाजूचं दार, जे मेकॅनिकने लाकडाची पाचर लावून उघडं ठेवलं होतं, ते हाताने धरून उभा राहिला.

‘‘सर,’’ तो इंजिनिअरला इंग्रजीत म्हणाला, अगदी नम्रपणे. ‘‘माझी आई या गाडीत बसली होती. आता तुम्ही बसा. मी दार लावतो.’’

इंजिनिअर दोन पावलं आला. आत वाकून हात टेकायच्या पट्टीखाली त्याने बघितलं. बराच वेळ बघितलं. मग सरळ उभा राहिला, आणि मागे झाला.

‘‘कुणीही चालेल,’’ प्रसाद म्हणाला. ‘‘मॅनेजर साहेब? सानिका? तुम्ही, सर? तुम्हाला मेटल ऐकू येतं ना?’’

समीक्षकाने फोन कानाला लावला. मॅनेजर म्हणाला, ‘‘इन्शाल्ला, नेक्स्ट टाइम.’’ सानिकाचे डोळे भरल्यासारखे वाटले मला. पहिल्यांदाच ती मराठीत बोलली, आणि तेही इतकंच: ‘‘जेवायला चला ना सगळे. बिर्याणी आहे.’’

सगळे गेले. बिर्याणी चांगली होती म्हणे.

या गोष्टीला आता हिवाळा उलटून गेला. ग्रिझली अजून विकली जातेय, गल्फ पॅकसकट. प्रसादची गाडी अजून त्याच शेडमध्ये उभी आहे, पाचर लावलेली. दार लावून तिच्यात अजून कुणीही बसलेलं नाही.